शेवटच्या बुडीचा पोशाख

समुद्रस्नानाची आवड असलेल्या एखाद्या गृहस्थास तुम्ही अंदमानच्या पाण्यात थंडी वाजते असे सांगितलेत, तर तो तुमच्याकडे संशयाने पाहील, आणि त्याचे ते पाहणे अगदीच अस्थानी आहे असे म्हणता येणार नाही. कारण ज्या समुद्राच्या काठी नारळीची झाडे डोलत असतात, ज्याच्या वाळूवर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही आणि ज्याचे पाणी वर्षाचे बहुतेक दिवस २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, त्या समुद्रातून कोणी दात वाजवीत वर यावे, ही गोष्ट ऐकणाऱ्यास थट्टेचीच वाटावी. प्रस्तुत लेखकासही ती तशीच वाटत असे. पुढे स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर, पाच दिवसांच्या मुक्कामास गेलो असता भाड्याने घेतलेला तीन मिलिमीटर जाडीचा, आखूड बाह्यांचा वेटसूट पहिल्या दिवशी अंगाला जड वाटला, दुसऱ्या दिवशी बेताचा वाटला, तिसऱ्या दिवशी अपुरा वाटू लागला, आणि चौथ्या दिवशीच्या तिसऱ्या बुडीत, पाणी तेच, खोली तीच आणि पोशाखही तोच असताना, विसाव्या मिनिटास अंगात अशी हुडहुडी भरली, की समोरून सावकाश चाललेल्या कासवापेक्षा मनगटावरच्या घड्याळाकडेच नजर अधिक वेळा जाऊ लागली.

त्या चौथ्या दिवसाचा विचार पोशाख निवडताना सहसा कोणी करीत नाही. निवड होते ती दुकानात, कोरड्या अंगाने, पोटभर जेवणानंतर. आणि विचारला जातो तो प्रश्न इतकाच, की अमुक ठिकाणचे पाणी किती अंशांचे आहे. एका बुडीपुरता तो प्रश्न पुरेसा आहे. सहा दिवसांत वीस बुड्या मारणाऱ्यास मात्र तो फसवा ठरतो, कारण तापमापक पाण्याचा हिशेब सांगतो, शरीराचा सांगत नाही.

शरीराचा हिशेब हा सरळ जमाखर्चाचा मामला आहे. स्वस्थ बसलेले मनुष्यशरीर सुमारे १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता अव्याहत निर्माण करीत असते, आणि हवेसारख्या आळशी गिऱ्हाइकाशी व्यवहार असेपर्यंत ही आवक खर्चास पुरून उरते. पाणी हे गिऱ्हाईक वेगळे. त्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे चोवीस पट असते, आणि त्वचेलगतचे पाणी किंचित गरम होते न होते तोच ते हलून त्याच्या जागी नवे थंड पाणी येत असल्यामुळे वसुलीस कधी खंड पडत नाही. उघड्या अंगाने स्वस्थ पडून राहणाऱ्या मनुष्यास जमाखर्चाची तोंडमिळवणी करावयाची झाल्यास पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. त्याखालचे कोणतेही पाणी, मग ते कितीही सुखद वाटो, उसनवारीवरच वापरावे लागते. माघस्नान करणारा भाविक गोठवणाऱ्या पाण्यात चार बुड्या मारून काठावर येतो आणि त्याचे काही बिघडत नाही, याचे कारण त्याची सहनशक्ती हे नव्हे. त्याचा व्यवहार दोन मिनिटांत आटोपतो, एवढेच.

या व्यवहारातील घातक भाग असा, की थकबाकी दप्तरी लवकर दाखल होत नाही. थंडी लागताच त्वचेतील व हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शरीर आपल्या गाभ्याचे ३७ अंश तापमान राखण्यासाठी बाह्य मुलूख सोडून देते. हातपाय, स्नायू आणि त्वचेखालची चरबी हळूहळू थंड होत जातात, परंतु गाभ्यात सर्व काही ठीक आहे असाच अहवाल येत राहतो. मग पाणबुड्या नावेवर येतो, ऊन घेतो, चहा पितो, त्वचा तापताच त्याचे कुडकुडणे थांबते, आणि आपण पूर्ववत झालो अशी त्याची खात्री होते. वस्तुतः त्वचा तापली तरी आतील स्नायूंची भरपाई व्हावयाची राहिलेलीच असते, आणि दीड तासाने तो पुन्हा पाण्यात उतरतो तो ही बाकी पुढे ओढूनच. तीन दिवस असे गेले, त्यात अपुरी झोप आणि जेवणाची हेळसांड यांची भर पडली, की चौथ्या दिवशी तगादा लागतो. आणि तो लागण्यापूर्वी बोटांचे बोथटपण, कारण नसताना येणारी चिडचिड, आणि हवेचा मापक दोनदा वाचूनही आकडा लक्षात न राहणे, अशा आगाऊ नोटिसा येऊन गेलेल्या असतात, ज्यांचा संबंध थंडीशी आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आता वेटसूट ही वस्तू काय आहे, याविषयी एक गैरसमज पाणबुड्यांतही इतका रूढ आहे की तो दूर केल्याखेरीज निवडीकडे वळणे व्यर्थ होय. सूट आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, शरीर तो तापविते आणि तो तापलेला थर आपल्याला ऊब देतो, असे सर्रास शिकविले जाते. पाण्याने ऊब दिली असती तर समुद्रानेच दिली असती! ऊब देतो तो निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबरात कोंडलेल्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांतील वायू. आतले पाणी हा केवळ नाइलाजाने पोसलेला पाहुणा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर, ज्यांनी युद्धकाळात लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केले होते, त्यांच्या लक्षात १९५१ च्या सुमारास नेमके हेच आले, की पाणबुड्यास उबदार ठेवण्यासाठी कोरडे ठेवण्याची गरज नाही. कपड्याच्या अंगीच वायू कोंडलेला असेल तर तो ओला असला काय आणि कोरडा असला काय, सारखेच. आपल्याकडे ज्यांनी पावसाळी माळावर धनगराला घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा असलेला पाहिले आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. घोंगडी भिजते, तरी लोकरीच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा तिला सोडून जात नाही, आणि भिजलेल्या धोतराने जी शिरशिरी येते ती घोंगडीने येत नाही. ब्रॅडनर यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटांवर फळ्या चालविणाऱ्या तरुणांनी त्याच दशकात त्याचा धंदा केला. जॅक ओनील आणि मायस्ट्रेल बंधू ही त्यांतील प्रमुख नावे होत.

ऊब विकत मिळू लागल्यावर मनुष्यशरीराचे काय होते, याचा दाखला कोरियाच्या दक्षिणेकडील जेजू बेटाने दिला आहे. तेथील हेन्यो नावाच्या पाणबुड्या स्त्रिया, श्वास रोखून समुद्रतळावरून शंख-शिंपले आणि शेवाळ काढण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेस मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. १९७० च्या दशकापर्यंत या स्त्रिया साध्या सुती वस्त्रांत, हिवाळ्यात सुमारे १० अंशांच्या पाण्यातही उतरत, थंडी सोसवेनाशी होईपर्यंत काम करीत आणि मग काठावर शेकोटीशी येऊन बसत. शरीरशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात त्यांची तपासणी केली तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीराचा चयापचय वाढलेला आढळला आणि सामान्य स्त्रीला जेथे कापरे भरावे तेथे त्या स्वस्थ राहू शकत. पुढे वेटसूट आले, पाण्यात राहण्याचा कालावधी कित्येक पटींनी वाढला. आणि काही वर्षांनी त्याच स्त्रियांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा हे असामान्य सामर्थ्य ओसरून गेलेले दिसले. या गोष्टीवरून कोणी हळहळतात. मला हळहळण्याचे कारण दिसत नाही. शेकोटीशी बसून कुडकुडणे हा काही सांस्कृतिक ठेवा नव्हे. परंतु सरावाने थंडी मारता येईल अशी उमेद बाळगून सहा दिवसांच्या सहलीस निघणाऱ्याने एवढे ध्यानी घ्यावे, की जेजूच्या स्त्रियांना त्या सरावासाठी हिवाळ्यामागून हिवाळे मोजावे लागले होते.

निवडीच्या प्रश्नात जाडीपेक्षा बेताला, म्हणजे सूट अंगास कसा बसतो याला, अग्रमान द्यावा असे माझे मत आहे, आणि दुकानदार बहुधा याच्या उलट क्रमाने बोलतात. सात मिलिमीटरचा ढगळ सूट हा पाच मिलिमीटरच्या अंगाबरोबर बसणाऱ्या सुटापुढे फिका पडतो, कारण आत शिरलेले पाणी हा शत्रू नसून आत शिरून बाहेर जाणारे पाणी हा शत्रू होय. प्रत्येक हालचालीबरोबर मानेतून आत आणि घोट्यातून बाहेर अशी ये-जा सुरू झाली, की रबराची जाडी दाराला कुलूप घालून खिडक्या उघड्या ठेवल्यासारखी निरुपयोगी ठरते. सूट घालून पाहताना आरशात रूप पाहण्याऐवजी हाताने पोकळ्या चाचपाव्यात: पाठीच्या खळग्यात, काखेत, जांघेत आणि मानेच्या मागे. या चार ठिकाणी कापड अंगापासून सुटलेले आढळले तर तो सूट, कितीही नामांकित असो, आपला नव्हे. मग दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे आणि छाती भरून श्वास घ्यावा. श्वास घेताना अडचण झाल्यास एक माप वर जावे, परंतु घालताना घाम फुटला एवढ्याच कारणास्तव वर जाऊ नये, कारण कोरडेपणी आवळ वाटणारा सूट पाण्यात थोडा सैलावतोच. मानेचा घेर मात्र अपवाद. तेथे फाजील आवळपणा गळ्याच्या बाजूच्या धमन्यांवर दाब देतो, हृदयाची गती मंदावते आणि भोवळ येते. मानेला सूट घट्ट लागावा पण त्याने गळा धरू नये.

भाड्याच्या सुटाबाबत गैरसोय ही, की तो सर्वांना बसावा म्हणून निवडलेला असतो, आणि म्हणून कोणालाच धड बसत नाही. शिवाय वापराने निओप्रीनमधील बुडबुडे कायमचे चिरडले जातात. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना सूट आतून निम्मा मेलेला असू शकतो. दोन बोटांच्या चिमटीत तो दाबून पाहावा, दाब काढताच रबर उसळून पूर्वपदावर आले तर ठीक, कागदासारखे चपटे राहिले तर तो परत द्यावा. अंदमानात माझ्या अंगावर होता तो दुसऱ्या जातीचा. पण तेव्हा ही चिमटीची परीक्षा मला ठाऊक नव्हती.

शिवणींचा विचार त्याखालोखाल करावा. स्वस्त सुटांत दोन तुकडे एकमेकांवर ठेवून आरपार टाके घातलेले असतात, आणि प्रत्येक टाका म्हणजे पाण्यासाठी पाडलेले एक बारीक भोक असते. उष्ण समुद्रातील एखाददुसऱ्या बुडीस ते चालून जाते. चांगल्या सुटात तुकडे आधी कडेला कडा भिडवून डिंकविले जातात आणि मग सुई रबराच्या निम्म्या जाडीतूनच फिरविली जाते, जेणेकरून टाका आरपार जातच नाही. मनगटे आणि घोटे यांना आतून गुळगुळीत रबराच्या पट्ट्या असतील तर आणखी चांगले. चुनखडीपासून बनविलेल्या निओप्रीनची हल्ली पर्यावरणाच्या नावाने बरीच वाखाणणी होते. तिच्यात नावीन्य आहे असे समजणाऱ्यांनी एवढे जाणावे, की अमेरिकेत १९३० च्या दशकारंभी द्युपाँ कंपनीने निओप्रीन बाजारात आणले ते ॲसिटिलीन वायूपासून, आणि ॲसिटिलीनचा तेव्हाचा उगम कॅल्शियम कार्बाइड, म्हणजे पर्यायाने चुनखडीच होता. मधल्या काळात खनिज तेल आले, आणि आता पुन्हा आजोबांची पद्धत नातवाच्या नावाने विकली जात आहे. माल मऊ व टिकाऊ असतो, हे खरे. अस्तरात टायटॅनियम असल्याने शरीराची उष्णता परावर्तित होते, या जाहिरातीकडे मात्र दुर्लक्ष करावे. पाण्याखाली उष्णता जाते ती मुख्यतः वहनाने व अभिसरणाने, आणि त्यास आरसा दाखवून थांबविता येत नाही.

जाडीचा प्रश्न आता घेऊ. २८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात एखाददुसऱ्या बुडीसाठी तीन मिलिमीटरचा सूट पुरतो, २२ ते २५ अंशांत पाच मिलिमीटरचा, आणि त्याखाली सातचा, हा ढोबळ रिवाज आहे. सलग अनेक दिवसांच्या मोहिमेसाठी मी या रिवाजाच्या एक पायरी वरचा सूट घ्यावा असे सुचवीन, आणि कृश प्रकृतीच्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तर खुशाल घ्यावा. याचे एक कारण थकबाकीचे, जे वर सांगितले. दुसरे बॉइलच्या नियमाचे. पाण्यात १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, ३० मीटरवर चौपट होतो, आणि निओप्रीनमधील बुडबुडे त्या प्रमाणात आक्रसू पाहतात. रबराचा ताठपणा त्यांना काही अंशी आवरतो, तरीही ३० मीटरवर सुटाची ऊब निम्म्याच्या घरात येते. याचा प्रत्यय तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात जितका येतो तितका अन्यत्र क्वचित येत असेल. इजिप्तच्या हुरघाडा बंदरातून आठवड्याच्या मुक्कामी नौका निघतात, दिवसाला तीन-चार बुड्या ठरलेल्या असतात, आणि छायाचित्रांतील वाळवंट व निळे आकाश पाहून यात्रेकरू उन्हाळ्याच्या तयारीने येतात. फेब्रुवारीत मात्र तेथील पाणी २१-२२ अंशांवर उतरलेले असते आणि उत्तरेचा वारा नावेच्या माथ्यावर उभे राहू देत नाही. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडविलेले थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज तेथे सुमारे ३० मीटर खोलीवर पडून आहे, त्याच्या पोटात सैन्यासाठी पाठविलेल्या मोटारसायकली आणि मालमोटारी अद्याप रांगेने उभ्या आहेत, आणि ते पाहताना पाणबुड्या नेमका त्या खोलीवर रेंगाळतो, जेथे त्याचा पाच मिलिमीटरचा सूट पाच मिलिमीटरचा राहिलेला नसतो. जाड सूट तरंगतोही अधिक, तेव्हा कमरेला एकदोन किलो शिसे वाढवावे लागते, व खाली गेल्यावर सूट आक्रसल्याने तेच शिसे जड होते; म्हणून नव्या जाडीच्या सुटाची पहिली बुडी उथळ पाण्यात वजन तपासण्यासाठी राखून ठेवावी.

सूट जाड असावा याला निव्वळ आरामापलीकडचेही कारण आहे. खोलीवर रक्तात व मांसात मुरलेला नत्रवायू वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो, आणि त्याला बाहेर काढण्याचे काम रक्ताभिसरणाचे असते. थंडीने हातापायांचे अभिसरण मंदावले की ही निकासी मंदावते. अमेरिकन नौदलाच्या फ्लॉरिडा येथील प्रायोगिक पाणबुडी विभागाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाणबुड्यांना खोलीवर असताना एका तापमानाच्या आणि वर येण्याच्या टप्प्यात दुसऱ्या तापमानाच्या पाण्यात ठेवले, आणि जे खाली उबदार राहून वर येताना गारठले त्यांना नत्रवायूच्या बुडबुड्यांचा विकार, जे उलट क्रमाने गेले त्यांच्यापेक्षा, कितीतरी अधिक प्रमाणात झाला. आता गंमत पाहा: वेटसूट नैसर्गिकपणे नेमका चुकीचा क्रमच घडवितो, कारण पाणबुड्या उतरतो तेव्हा ताजा आणि उबदार असतो, व वर येण्यापूर्वी पाच मीटरवर थांबतो तेव्हा गारठलेला असतो.

या शेवटच्या टप्प्यासाठी डोक्यावरचे टोपडे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तिरस्कृत वस्तू आहे. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे म्हणणे अतिशयोक्तीचे, डोक्याचे क्षेत्रफळ अंगाच्या दहाव्या भागाच्या आसपास. परंतु हातापायांप्रमाणे डोक्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्या थंडीत आखडून घेत नाहीत, त्यामुळे तेथील गळती दिवसभर एकसारखी चालते. दोन-तीन मिलिमीटरची, टोपडे जोडलेली बिनबाह्यांची बंडी सुटाच्या आत घातली, की मानेतून शिरणारे पाणीही अडते, आणि ती पहिल्या दिवशी बॅगेत ठेवून तिसऱ्या दिवशी बाहेर काढता येते. सबंध सूट बदलण्यापेक्षा ही तजवीज मला अधिक पसंत पडते. सुटातच लघवी करून क्षणिक ऊब मिळविण्याचा जो सार्वत्रिक आणि सार्वत्रिकपणे नाकारला जाणारा प्रघात आहे, त्याविषयी इतकेच, की ती उष्णता आपल्याच गाभ्यातून आलेली असते, आणि आपल्याच तिजोरीतून काढून समुद्रात टाकण्याला कमाई म्हणत नाहीत. थंडी व पाण्याचा दाब यांमुळे रक्त गाभ्याकडे सरते व मूत्रपिंडे अधिक काम करू लागतात, तेव्हा ती गरज टळणारी नसते. मात्र गेलेले पाणी नावेवर पिऊन भरून काढावे लागते.

नावेवरचा काळ हा वसुलीचा काळ नसून भरपाईचा काळ व्हावा, यासाठी सूट कमरेपर्यंत उतरवून वाऱ्यात बसण्याची सवय प्रथम सोडावी. कापडी अस्तराचा ओला सूट वाऱ्यात वाळतो तो अंगाची उष्णता घेऊनच वाळतो. म्हणून तो पूर्ण उतरवून अंग पुसावे, लोकरी टोपी घालावी, वारा अडविणारा जाड कोट अंगावर घ्यावा आणि गोड चहा प्यावा. बंबातल्या कढत पाण्याखाली मात्र लगेच उभे राहू नये. कारण तापलेल्या मांसात वायू कमी विरघळतो, व नत्रवायूची निकासी अद्याप पुरी झालेली नसते.

उरली गोष्ट रात्रीची. दमट समुद्रहवेत निओप्रीन सकाळपर्यंत वाळत नाही, आणि पहाटे सहाच्या बुडीसाठी कालचा गार, ओला सूट अंगावर चढविताना होणारा शहारा हा दिवसाच्या हिशेबातील पहिला खर्च असतो. मी आता दोन सूट नेतो, एक पाचचा आणि एक तीनचा, आणि बंडी वेगळी. गोड्या पाण्यातून काढून रुंद खांद्याच्या हँगरवर, आतली बाजू बाहेर करून, ते कठड्यापासून दूर सावलीत टांगतो, कारण उन्हाने रबर तडकते आणि कठड्यावरचा सूट रात्रीच्या वाऱ्यात समुद्रार्पण होतो. पाचचा पहाटे व रात्री, तीनचा दुपारी. नावेवरचे खलाशी पहिल्या दिवशी या सामानाकडे पाहून हसतात, आणि चौथ्या दिवशी त्यांतला एखादा हळूच येऊन, तीनचा रिकामा असेल तर अमक्या पाहुण्यास द्याल का, म्हणून विचारतो.